बोंडातील अळी आणि प्रयोगशाळेतील आकडा : जैविक बदलाच्या मापनाचे विवेचन

१. विषय आणि प्रतिपादन

२०१७ च्या खरिपात परभणी जिल्ह्यासह मराठवाडा आणि विदर्भात बीटी कापसाचे गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. वरून निरोगी दिसणारे हिरवे बोंड फोडावे, तर आत सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली निघे. ही अळी मरावी म्हणून ज्या कापसात जिवाणूचे जनुक घातले होते, त्याच कापसाच्या बोंडात ती वाढत होती. शेतकऱ्याला हे वेचणीच्या तोंडावर कळले. अळीच्या शरीरातला बदल मात्र त्याआधी कित्येक वर्षे घडत आला होता, आणि प्रयोगशाळांत त्याची नोंदही होऊ लागली होती.

हा बदल मोजतात कसा, हा या लेखाचा विषय आहे. पाथरी तालुक्यातील एका हिरव्या बोंडापासून निघून अळीच्या आतड्यातील पेशीपर्यंत आणि पेशीतील जनुकापर्यंत आपण जाणार आहोत. माझे प्रतिपादन दुहेरी आहे. एक, जैविक मापनातला प्रत्येक आकडा ही तुलना असते. तुलना कोणाशी आणि कोणत्या परिस्थितीत केली हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. दोन, रेणू, पेशी, जीव आणि समष्टी या चार पातळ्यांवरची मापने एकमेकांशी जोडली आणि वेळेवर शेतापर्यंत पोहोचवली, तरच ती उपयोगी पडतात.

२. पार्श्वभूमी : पीक, अळी आणि बीटी

पाथरी हा परभणीच्या पश्चिमेकडचा, गोदावरीकाठचा तालुका. जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात येते. कापूस, सोयाबीन, ऊस, तूर, हरभरा ही इथली ओळखीची पिके, आणि शेजारच्या मानवतला कापसाची मोठी बाजारपेठ. जमिनीत ओल आणि कालव्याला पाणी असले, की शेवटच्या वेचणीनंतरही पऱ्हाटी न उपटता फरदड घेण्याचा मोह होतो. गुलाबी बोंडअळीला नेमके हेच सोयीचे ठरते; अन्न लांबते आणि पिढ्या वाढतात.

ही अळी आपल्याकडे नवी नाही. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, तेही गुजरातच्या भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. मादी फुला-बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या गुंफून डोमकळी होते. बोंडात शिरली तर छिद्र बुजते आणि बाहेरून काही कळत नाही. फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून झाडाच्या पेशींतच अळीला घातक प्रथिन तयार करण्याची कल्पना मोलाची ठरली.

ते प्रथिन बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूचे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि क्राय-१एसी हे प्रथिन असलेला बीटी कापूस भारतात आला. २००६ मध्ये क्राय-१एसी आणि क्राय-२एबी अशी दोन प्रथिने असलेला बोलगार्ड-२ आला. २००९ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे आढळले. मार्च २०१० मध्ये ते जाहीर झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनालाही प्रतिकार दिसू लागला.

३. मोजायचे काय?

‘अळी बीटीला दाद देत नाही’ हे शेतकऱ्याचे निरीक्षण खरे असते. परंतु त्यातून निदान पाच वेगवेगळे प्रश्न निघतात. झाडात प्रथिन पुरेसे तयार झाले का? अळी तेवढ्या मात्रेला खरोखर मरत नाही का? मरत नसेल तर तिच्या आतड्याच्या पेशींत काय बदलले? तो बदल कोणत्या जनुकामुळे झाला आणि पुढच्या पिढीत जातो का? आणि तालुक्यातल्या एकूण अळ्यांपैकी किती जणींत तो आहे?

या प्रत्येक प्रश्नाचे मापन वेगळे आहे. पहिला प्रश्न झाडाच्या रसायनाचा, दुसरा संपूर्ण जीवाचा, तिसरा पेशीचा, चौथा जनुकाचा आणि पाचवा समष्टीचा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की चूक होते. बियाणे भेसळीचे असले तर अळी जगते, पण तो प्रतिकार नव्हे. उलट प्रतिकार नुकताच सुरू झाला असेल तर शेतात नुकसान जवळजवळ दिसत नाही. म्हणून ‘नुकसान नाही, अर्थात प्रतिकारही नाही’ हा निष्कर्षही चुकतो.

४. जीवपातळी : जैवचाचणी

सजीवावर एखाद्या पदार्थाचा परिणाम त्या सजीवाच्याच प्रतिसादावरून मोजणे म्हणजे जैवचाचणी. बोंडअळीच्या बाबतीत ती साधारण अशी होते.

शेतातून हिरवी बोंडे आणून त्यांतील अळ्या वाढवतात, त्यांचे पतंग निघाले की त्यांना मधाचे किंवा साखरेचे पाणी देऊन अंडी मिळवतात, आणि त्या अंड्यांतून निघालेल्या ताज्या अळ्यांवर चाचणी करतात. शेतातून आणलेली अळी थेट चाचणीला घेत नाहीत, कारण तिचे वय, तिने आधी खाल्लेले अन्न आणि तिच्यावर झालेली फवारणी अज्ञात असते. प्रयोगशाळेतच जन्मलेल्या पिढीत हे सारे समान असते.

गव्हाचा अंकुर, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि अगर यांपासून केलेल्या कृत्रिम खाद्यात बीटी प्रथिनाच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळतात. मात्रा एकेक पायरीने ठरावीक पटीत वाढवतात. प्रत्येक खणात बारीक कुंचल्याने अळी सोडतात आणि सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या संशोधकांनी गुलाबी बोंडअळीसाठी २१ दिवसांची चाचणी रूढ केली. त्यात खाद्याच्या दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम क्राय-१एसी ही निदानात्मक मात्रा वापरली. एवढ्या मात्रेवरही जी अळी चौथ्या अवस्थेपर्यंत वाढते, ती प्रतिकारक्षम मानतात.

इथे ‘मेली की जगली’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बीटी प्रथिन कमी पडले की अळी मरत नाही, पण खुरटते. तिचे वजन वाढत नाही, कात टाकायला उशीर होतो, कोष होत नाही किंवा कोषातून पतंग निघत नाही. अशी अळी सातव्या दिवशी जिवंत मोजली जाईल आणि एकविसाव्या दिवशी पिढीच्या हिशेबातून बाद होईल. म्हणून अळीचे वजन, डोक्याच्या कवचाची रुंदी, कोषावस्थेपर्यंत लागलेले दिवस आणि बाहेर आलेल्या पतंगांची संख्या हीही मोजतात. कोणता निकष वापरला हे न सांगता दिलेली मृत्यूची टक्केवारी अपुरी असते.

आता तुलनेकडे येऊ. प्रत्येक चाचणीत एक गट बिनविषारी खाद्यावर ठेवतात. त्यातल्या काही अळ्या हाताळणीने, रोगाने किंवा अशक्तपणाने मरतातच. ते मरण हिशेबातून वजा करण्याचे सूत्र ॲबट यांनी १९२५ मध्ये दिले. समजा, बिनविषारी गटात १० टक्के आणि विषारी गटात ५५ टक्के अळ्या मेल्या. सरळ वजाबाकी केली तर ४५ येतात. पण विषाची परीक्षा झाली ती उरलेल्या ९० टक्क्यांवर. म्हणून खरा परिणाम ४५ भागिले ९०, म्हणजे ५० टक्के. बिनविषारी गटच नसता तर आपण विषाला ५५ टक्क्यांचे श्रेय दिले असते.

दुसरी तुलना समष्टींमधली. एकाच वयाच्या, एकाच आईच्या अळ्याही सारख्या मात्रेला मरत नाहीत. काही थोड्यात मरतात, काही बरेच सोसतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये औषधांच्या विषारीपणाचा विचार करताना दाखवले, की ‘सर्वांना मारणारी किमान मात्रा’ शोधणे निरर्थक आहे, कारण ती प्रत्येक वेळी शेवटच्या एखाद्या चिवट प्राण्यावर अवलंबून राहते. निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा अधिक स्थिर असते. पुढे १९३४ मध्ये ब्लिस यांनी मात्रा आणि मृत्यू यांच्या वळणदार आलेखाला सरळ रेषेत आणणारी गणिती पद्धत रूढ केली. आजही निम्म्या अळ्यांना मारणारी तीव्रता हाच या शास्त्राचा मुख्य आकडा आहे.

शेतातील अळ्यांचा हा आकडा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या बीटीविना जपलेल्या संवेदनशील वंशाच्या आकड्याने भागला की प्रतिकाराचे गुणोत्तर मिळते. संवेदनशील वंश ०.१ मायक्रोग्रॅमला आणि शेतातील अळ्या ४ मायक्रोग्रॅमला निम्म्या मरत असतील, तर गुणोत्तर ४०. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातून निघणारे दोन इशारे खरे आहेत. पहिला इशारा : भाजक बदलला की गुणोत्तर बदलते. दोन संस्थांचे संवेदनशील वंश वेगळे असतील तर त्यांची गुणोत्तरे शेजारी ठेवता येत नाहीत. दुसरा इशारा : आलेखाचा उतारही वाचावा लागतो. समष्टी एकसारखी असेल तर रेषा उभी असते. संवेदनशील आणि प्रतिकारक्षम अळ्यांची मिसळ होऊ लागली की रेषा आडवी होते. मधला आकडा हलण्याआधीच रेषेचा उतार धोक्याची सूचना देऊ शकतो.

संख्येचाही विचार हवा. निदानात्मक मात्रेवर ३० अळ्या ठेवल्या आणि सगळ्या मेल्या, तर ‘प्रतिकार नाही’ असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्र एवढेच सांगते की जगणाऱ्यांचे प्रमाण बहुधा १० टक्क्यांहून कमी असावे. हजारात एक अळी प्रतिकारक्षम आहे का हे याच खात्रीने पाहायचे तर सुमारे ३,००० अळ्या लागतील. शून्य या आकड्यामागेही किती अळ्या तपासल्या हे लिहिलेच पाहिजे.

५. मात्रेचे मापन : झाडात प्रथिन किती?

प्रयोगशाळेत मात्रा संशोधक ठरवतो. शेतात ती झाड ठरवते, आणि झाडातली मात्रा सर्वत्र व सर्वकाळ सारखी नसते. ती मोजण्यासाठी एलायझा ही पद्धत वापरतात. स्वीडनच्या एंगवाल आणि पर्लमान यांनी ती १९७१ मध्ये मांडली. झाडाच्या ऊतीचा तुकडा थंडाव्यात कुटून त्याचा अर्क काढतात. प्लेटच्या खणांना क्राय प्रथिन पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. अर्कातले प्रथिन त्यांना धरून बसते; वरून विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडे सोडतात, आणि विकराच्या क्रियेने रंग येतो. रंग जितका गडद तितके प्रथिन जास्त. पण गडदपणावरून मायक्रोग्रॅम काढायचे तर ज्ञात प्रमाणाच्या प्रथिनाची मालिका त्याच प्लेटवर लावावी लागते. इथेही आकडा येतो तो तुलनेतूनच.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने केलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मार्गदर्शक आहे. एकाच जनुकाच्या तेव्हाच्या बीटी संकरित वाणांत त्यांनी पान, पाते, फूल आणि बोंड यांतील क्राय-१एसी मोजले. पानांत ते सर्वाधिक, आणि फुलातील अंडाशयात व हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी निघाले. झाडाचे वय वाढेल तसे ते घटत गेले आणि सुमारे ११० दिवसांनंतर हिरव्या बोंडअळीला (कापसावरच्याच दुसऱ्या बोंडअळीला) मारण्यास लागणाऱ्या पातळीखाली, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे १.९ मायक्रोग्रॅमखाली गेले. जूनच्या मध्याला पेरलेल्या कापसाचे ११० दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतात. नेमक्या त्याच सुमारास झाडावर बोंडे भरात असतात. अळी जो भाग खाते त्यातच मात्रा सर्वांत कमी, हे या मापनाने दाखवले.

भारतीय बीटी कापसाचे आणखी एक वैशिष्ट्य मापनातूनच स्पष्ट होते. आपल्याकडे संकरित वाण वापरतात. संकराच्या झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्यांत, म्हणजे पुढच्या पिढीत, जनुकांची वाटणी होते. बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुके दोन वेगळ्या जागी असल्याने मेंडेलच्या नियमानुसार दर १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही प्रथिने, ३ मध्ये फक्त पहिले, ३ मध्ये फक्त दुसरे आणि एकीत एकही नाही, असे प्रमाण अपेक्षित असते. एकेक सरकी स्वतंत्रपणे तपासली तरच हे दिसते. संपूर्ण बोंड कुटून अर्क काढला तर सरासरी मिळते आणि वाटणी लपते. गुलाबी बोंडअळी सरकी खाते, म्हणून तिच्या वाट्याला कधी दोन्ही विषे, कधी एक, कधी काहीच नाही असा आहार येतो. थोडी सहनशील अळी जगण्यासाठी आणि तिची पिलावळ वाढण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती नाही.

६. पेशीपातळी : आतड्यात काय बदलले?

अळीच्या मध्यआतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात बीटीचे मोठे प्रथिन कापले जाऊन लहान, क्रियाशील रूप तयार होते. हे रूप आतड्याच्या पेशींच्या पटलावरील कॅडहेरिनसारख्या ग्राही प्रथिनांना चिकटते, त्याचे रेणू एकत्र येतात आणि पटलाला छिद्रे पाडतात. पेशी फुगते, फुटते. आतड्याचे अस्तर निकामी होते आणि अळी मरते. या साखळीतली कोणतीही पायरी बिघडली तर प्रतिकार निर्माण होऊ शकतो. पायरी कोणती हे ठरवण्यासाठी पेशीपातळीवर तीन प्रकारचे प्रयोग होतात.

पहिल्या प्रकारात आतड्याच्या रसाची प्रथिने कापण्याची क्षमता मोजतात. कापलेल्या तुकड्यांना विजेच्या क्षेत्रात जेलमधून पळवले की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. संवेदनशील आणि प्रतिकारक्षम अळ्यांच्या रसाचे पट्टे शेजारी ठेवले की विष क्रियाशील होते की नाही हे कळते.

दुसऱ्या प्रकारात चिकटणे मोजतात. आतड्याच्या पेशींच्या पटलापासून सूक्ष्म पिशव्या तयार करून त्यांत खूण लावलेले विष सोडतात. किती खूण पटलाला धरून राहिली आणि किती धुऊन गेली हे मोजतात. केवळ चिकटले एवढ्याने भागत नाही. खूण न लावलेले विष भरपूर घातल्यावर खूण लावलेले सुटून येते का, हेही पाहतात. सुटून आले तरच ते विशिष्ट जागी चिकटले होते असे म्हणता येते.

तिसरा प्रकार संवर्धित पेशींचा. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातील अंडाशयापासून मिळवलेल्या एसएफ-९ पेशी जगभर अशा कामाला वापरतात. अशा कीटकपेशींत बोंडअळीचे ग्राही जनुक घालून नंतर विष दिले, तर मेलेल्या पेशी ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग आत घेतात आणि जिवंत पेशी तो बाहेर ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करून मृत्यूचे प्रमाण काढतात. चीनमधील गुलाबी बोंडअळीवरच्या एका अभ्यासात याच मार्गाने आढळले, की बदललेले कॅडहेरिन पेशीत तयार तर होते, पण पटलापर्यंत पोहोचतच नाही. पेशीत एकूण कॅडहेरिन किती एवढेच मोजले असते तर हे कळले नसते. प्रमाणाबरोबर स्थानही मोजले म्हणून कळले.

या पातळीची मर्यादा उघड आहे. ताटलीतल्या पेशीला तुटलेले आतडे दुरुस्त करता येत नाही, तिला भूक नसते, तिच्याभोवती जिवाणू नसतात. पेशी मेली म्हणून अळी मरेलच असे नाही. पेशीचा प्रयोग मृत्यू कोणत्या मार्गाने येतो ते दाखवतो. शेतातील अळी किती मरेल हे त्यावरून ठरत नाही.

७. जनुकपातळी : कारण कसे सिद्ध करतात?

२००३ मध्ये ॲरिझोनाच्या गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिन जनुकाची तीन बदललेली रूपे प्रतिकाराशी जोडलेली आढळली. भारतीय शेतांतील अळ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. कॅडहेरिनचेच जनुक, पण त्याचे बिघाड अनेक आणि अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे. शिवाय एकाच जनुकाच्या संदेशाची जोडणी वेगवेगळ्या तऱ्हेने होऊन अनेक सदोष संदेश तयार झालेले. क्राय-२एबीच्या प्रतिकाराचा संबंध एबीसीए-२ या दुसऱ्याच जनुकाशी असल्याचे २०१८ मध्ये ॲरिझोनाचा प्रयोगशाळेतील वंश आणि भारतीय शेतांतील अळ्या यांच्या तुलनेतून पुढे आले.

बिघडलेले जनुक प्रतिकारक्षम अळीत सापडले, एवढ्यावरून ते कारण ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आढळणे हा केवळ सहसंबंध. कारण सिद्ध करण्यासाठी संवेदनशील अळीत तेवढेच एक जनुक क्रिस्पर तंत्राने बिघडवून पाहतात. २०२१ मध्ये एबीसीए-२ वर असाच प्रयोग झाला आणि जनुक बिघडवलेल्या अळ्या क्राय-२एबीला प्रतिकारक्षम झाल्या. एक गोष्ट बदला, बाकी सारे तसेच ठेवा, आणि परिणाम पाहा : प्रायोगिक विज्ञानाचा हा जुना नियम इथे रेणूच्या पातळीवर पाळला गेला.

जनुकतपासणीचे बळ एका साध्या गणितात दिसते. प्रतिकार बहुधा अप्रभावी असतो. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच अळी जगते. समजा, बिघडलेल्या प्रतींचे प्रमाण शंभरात १ आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी १०,००० मध्ये एक, पण एकच प्रत बाळगणाऱ्या अळ्या १०,००० मध्ये १९८. जैवचाचणीला त्या एकीचाच पत्ता लागू शकतो. उरलेल्या १९८ विषाने मरतात आणि संवेदनशील म्हणून मोजल्या जातात. जनुकतपासणी त्यांनाही ओळखते. मात्र ती ओळखते ते माहीत असलेले बिघाड. माहीत नसलेला नवा बिघाड तिच्या नजरेतून सुटतो, आणि भारतात बिघाडांचे प्रकार अनेक आहेत. म्हणून अँडो आणि ॲल्स्टॅड यांनी १९९८ मध्ये सुचवलेली दोन पिढ्यांची चाचणीही उपयोगी ठरते. शेतातून आणलेल्या एका मादीची संतती आपसांत फळवतात. मादीच्या आणि तिच्या नराच्या मिळून चार प्रतींपैकी एकही बिघडलेली असेल, तर दुसऱ्या पिढीत सोळापैकी एक अळी दोन्ही प्रती बिघडलेली निघण्याची अपेक्षा असते. बिघाडाचे नाव माहीत नसले तरी तो असा पकडता येतो.

८. समष्टीपातळी : प्रयोगशाळेतून शेताकडे

बिगर-बीटी आश्रय पिकाचा नियम याच मापनांवर उभा होता. एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेच्या पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावायचा. त्यावर वाढलेले संवेदनशील पतंग बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांशी मिलन करतील, संततीत एकच बिघडलेली प्रत येईल आणि ती संतती बीटीवर मरेल. बियाण्याच्या पिशवीबरोबर त्यासाठी वेगळे पाकीट मिळे. ते बहुतेकांनी पेरलेच नाही.

हिरव्या बोंडअळीवर बीटीचा परिणाम बराच टिकला, कारण ती तूर-हरभऱ्यावरही जगते. पाथरीच्या शिवारातली ही पिकेच तिच्यासाठी आश्रय पीक ठरली. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ कापसावरच जगते. तिला असा नैसर्गिक आश्रय मिळाला नाही. उलट ॲरिझोनात आश्रय पीक पाळले गेले, पुढे वांझ केलेले पतंग हवेतून सोडले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले. त्या मोहिमेतील एक मापन लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग घालत, त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे त्याच्या शरीरातील रंगावरून कळे. रानटी पतंग किती उरले हे त्याशिवाय मोजता आले नसते.

आपल्या शेतकऱ्याच्या हातातही मापनाची साधने आहेत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, किंवा एकरी तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोन बोंडांत अळी अथवा तिचे नुकसान दिसले, तर नियंत्रणाची वेळ आली असे समजतात. हेही शास्त्रीय मापनच आहे. पण बोंडे शेताच्या कडेचीच तोडली, किंवा किडलेली वाटतात तीच निवडली, तर आकडा खोटा पडतो. शेतभर फिरून, न निवडता तोडलेली २० बोंडे खरा अंदाज देतात.

९. तीच कसोटी माणसाच्या रक्तपेशींना

अळी आटोक्याबाहेर गेली की फवारण्या वाढतात. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गेनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराला निष्क्रिय करतात. लाल रक्तपेशींतील हे विकर मोजण्याची पिवळ्या रंगावर आधारलेली सोपी पद्धत एलमन यांनी १९६१ मध्ये दिली. तथापि निरोगी माणसांतच या विकराचे प्रमाण माणसागणिक बरेच वेगळे असते. एकाला जो आकडा नेहमीचा, तो दुसऱ्याच्या बाबतीत विषबाधेचा असू शकतो. म्हणून हंगामापूर्वी त्याच माणसाचे रक्त तपासून मूळ पातळी नोंदवावी लागते. कॅलिफोर्नियात लाल पेशींतील विकर स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आले, की त्या मजुराला फवारणीच्या कामातून दूर ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे फवारणी करणाऱ्याची तपासणी बहुधा तो आजारी पडल्यावर होते. तेव्हा तुलना करायला मूळ आकडाच नसतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून चार गोष्टी ठरतात. जैविक बदलाचे मापन तुलनेवाचून होत नाही. बिनविषारी गट, संवेदनशील वंश, ज्ञात प्रमाणाची मालिका, हंगामापूर्वीचे रक्त ही त्या तुलनेची रूपे. प्रत्येक पातळी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते; पेशीचा आकडा शेताचा म्हणून वापरू नये आणि शेतातील नुकसान जनुकाचे माप समजू नये. सरासरी लपवते ते सुट्या सरकीत आणि एकेका अळीत दिसते. आणि वेळेवर न पोहोचलेले अचूक मापन शेतकऱ्याच्या दृष्टीने न केलेल्या मापनासारखेच असते. अमरेलीची बातमी मार्च २०१० मध्ये जाहीर झाली होती. मराठवाड्यातल्या बोंडांत अळी माजली ती २०१७ मध्ये. मधली सात वर्षे फरदड आवरायला, आश्रय पीक पाळायला आणि कमी मुदतीच्या वाणांकडे वळायला पुरेशी होती.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, नागपुरात कापसाची केंद्रीय संस्था आहे, गावोगावच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणारी मुले आहेत. प्रत्येक कापूस तालुक्यातून दर हंगामात ठरलेल्या आठवड्यांत बोंडे गोळा व्हावीत, अळ्यांची जैवचाचणी आणि जनुकतपासणी व्हावी, आणि निकाल पुढच्या पेरणीपूर्वी मराठीत गावात लागावा. पाथरी तालुक्याने यात पुढाकार घ्यावा. शेतकऱ्यांनी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, फरदड घेऊ नये, आणि बोंडे धरू लागली की दर आठवड्याला एकरी २० बोंडे फोडून निघालेला आकडा वहीत तारखेसह लिहावा. पुढच्या वर्षी तुलना करायला तोच आकडा कामी येईल.